बाटली तुमची, जेवण माझं

साल एकोणीसशे ऐंशी. मी एकेचाळीस वर्षांचा होतो. आधी शहरात आणि मग शिरोली एमआयडीसीत, एकाच मालकाच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, चौदा वर्षं वाळूचे साचे केल्यावर मालकानं मला मिस्त्री केलं. मिस्त्री म्हणजे साचेवाल्यांचा मुकादम. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण आकडे वाचता येत होते, हाताला वळण होतं, आणि मालकाच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी पीत नव्हतो. ते तो चारचौघांत बोलून मोकळा झाला. "हा पीत नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी हा हजर असतो."

मी का पीत नव्हतो याची काही मोठी कथा नाही. कुणाला शब्द दिला नव्हता, गळ्यात माळ नव्हती, मटण तर दोघांचं एकटा खायचो. विसाव्या वर्षी एकदा तोंडाला लावली, रॉकेलसारखी लागली, थुंकली. माझं एकदा नको म्हणजे नको. त्यात पुण्य नाही आणि मी कधी पुण्य म्हणून मिरवलंही नाही. लोकांना मात्र वाटायचं मी मिरवतो.

आमच्यात एक रीत होती. नवा मिस्त्री झाला की त्यानं साचेवाल्यांना जेवण घालायचं, आणि पंगतीत पहिली भाकरी मोडायची ती सगळ्यात जुन्या हातानं. त्यानं भाकरी मोडून रश्श्यात बुडवली की मग बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा. मालकानं केलेला मिस्त्री कागदावरचा. जुन्या हातानं भाकरी मोडली की तो खरा. आमच्या फौंड्रीत एकाची भाकरी मोडली नव्हती म्हणतात. तो तीन महिन्यांत काम सोडून गेला. त्याचं कुणी ऐकायचंच नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं ऐकायचं नाही.

सगळ्यात जुना हात म्हणजे मामा. सगळे त्याला मामाच म्हणत. पंचावन्नच्या पुढचा, राहायला उचगावात, सायकलवर यायचा. ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलचा, म्हणजे जड चाकाचा, मोठा साचा त्याच्याशिवाय उभा राहत नव्हता. मला वाळू ओळखायला त्यानं शिकवलं. न्यायानं बघितलं तर मिस्त्री त्यानं व्हायचं होतं. तो पितो, सुट्टीनंतर दांडी मारतो, म्हणून झाला नाही. हे त्याला ठाऊक, मला ठाऊक, सगळ्यांना ठाऊक. म्हणून त्याची भाकरी मला पाहिजेच होती. त्यानं मोडली नाही तर मी कसला मिस्त्री. फ्लायव्हीलचा एक साचा त्यानं मनाविरुद्ध केला असता तरी ओतकाम फसलं असतं आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं.

जेवणाचं ठरवायला जेवणाच्या सुट्टीत सगळे बसलो. भट्टीवाला बोलायला पहिला. तो भट्टीवरचा माणूस, तोंडही भट्टीसारखंच.

"मिस्त्री, जेवणाचं झालं. घसा कशानं वला करायचा?"

"हिरीला पाणी हाय."

"आन दुसरं?"

"दुसरं ज्याचं त्यानं आणायचं. मी इकत घिऊन देणार न्हाय आन बाटलीला हात लावणार न्हाय. तुम्ही प्या. मी आडवा येत न्हाय. बाटली तुमची, जेवण माझं."

भट्टीवाल्यानं सगळ्यांकडं बघितलं. "म्हंजे लग्नाला बोलवायचं आन नवरी तुमची तुम्ही आणा म्हणायचं."

सगळे हसले. मामा हसला नाही. तो विडी विझवत होता.

"मामा, तुम्ही येणार न्हवं?"

"बोलावलंस तर येणारच की," म्हणाला आणि उठून कामाला लागला.

घरी सांगितलं तर बायकोनं पहिलं विचारलं, "पेलं कितीक घ्यायचं?"

"कशाला पेलं?"

"अवो, ती पिणार कशातनं?"

"आपल्या घरातला पेला दारूला जायचा न्हाय."

"मग काचंचं आणा बाजारातनं. आन शेंगदाणं, फुटाणं, कायतरी तोंडात टाकाय."

"दारूबरोबर लागतंय ते दारूवाल्यानं आणायचं. मी सांगितलंय तसं."

"पावणं तुमचं हाईत का दारूचं?"

ती पीठ मळायला लागली. तिचं ऐकलं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती, पण ऐकणारा असतो तर मीही मी नसतो.

माझ्या मेव्हण्याचं रान उचगावच्या शिवारातच होतं. विहीर होती, तिच्या कडेला आंब्याचं मोठं झाड. सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी भांडी घेऊन गेलो. मटण मी स्वतः केलं. ते मला येतं. कांदा-लसणाची चटणी घरची, खोबरं भाजून घेतलेलं, तांबड्या रश्श्याला असा कट आला होता की पातेल्यात तोंड दिसावं. पांढरा वेगळा. भाकऱ्या बायकोनं आणि शेजारणीनं करून फडक्यात बांधून दिल्या होत्या. पत्रावळ्या आणल्या, रश्श्याला द्रोण आणले. माणूस मोजून, वर चार जास्त. कांदा कापला, लिंबं कापली, मीठ कागदावर काढून ठेवलं. साडेबाराला सगळं तयार. मी हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि वाट बघत उभा राहिलो. एवढं केल्यावर माणसाला वाटतं, आता आपलं काम झालं.

आली. कुणी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणी सायकलच्या पिशवीत भाजी घालून भाजीखाली, एकानं तर सदऱ्याच्या आत पोटाला बांधून आणली होती. सुट्टीला आलेल्या पोरीसारखी जपून आणली होती सगळ्यांनी. सोबत मात्र काहीच नाही. त्यांना वाटलं बाकीचं मिस्त्री बघेल. मिस्त्रीला वाटलं बाकीचं ज्याचं तो बघेल.

"मिस्त्री, बूच काढायला काय हाय?"

"न्हाय."

"सोडा?"

"न्हाय."

"गार पाणी तरी?"

"हिरीत हाय. पोहरा तिथं हाय."

बूच भट्टीवाल्यानं दातानं काढलं. पाणी शेंदलं. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नऊ माणसं, सात बाटल्या, आणि पेला एकही नाही. मी त्या वेळी मनातून खूश झालो होतो, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता कळेल. दारू आणता, पेला आणायला काय होतं.

मला कळायच्या आत भट्टीवाल्यानं द्रोणाचा गठ्ठा उचलला. "ह्ये बघा, मिस्त्रीनं सोय केलीया की."

मी आडवा गेलो. "आरं ती रश्श्याला हाईत."

"रस्सा काय, दारू काय, पातळच की मर्दा."

आता पानाचा द्रोण. त्यात रस्सा घातला तर तो घट्ट, तेलाचा, पिऊन होईस्तोवर टिकतो. दारू कुठली टिकते. काडी टोचलेल्या जागेतनं थेंब थेंब मांडीवर. मग एकात एक दोन द्रोण घातले, तरी गळती. मग तीन. ज्याची गळते तो घाईनं पितो, घाईनं पितो त्याला लवकर चढते. माझ्या डोळ्यांदेखत तास होण्याआधी एकूण एक द्रोण भिजून मऊ झाले आणि बांधावर जाऊन पडले. चार जास्तीचेसुद्धा.

एक वाजता मी पत्रावळ्या मांडल्या. "बसा."

कुणी हललं नाही.

"बसा की. रस्सा निवतोय."

"मिस्त्री, आत्ता कुठं बूड टेकलंय."

त्यांच्यातला एक जरा समजूतदार, त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आवो, पिऊन झाल्याबिगर कोण जेवत न्हाय. पोट भरलं की चढत न्हाय. दोन-अडीच तास तरी धरा."

हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आधीच्या दोन मिस्त्र्यांच्या जेवणाला मी मुद्दाम उशिरा गेलो होतो, त्यांचं पिणं उरकल्यावर. आयतं ताट पुढं यायचं, जेवायचो, हात धुवून चालू पडायचो. मध्ये दोन-अडीच तास काय चालतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. एकेचाळीस वर्षांचा गडी, आणि एवढं ठाऊक नाही. ते लोकांना सांगायचीही लाज, म्हणून मी पत्रावळ्या गोळा केल्या आणि जणू मीच बेत बदलला असं दाखवत पातेल्याखाली परत दोन लाकडं सारली.

मग चकण्याचं निघालं. तोंडात टाकायला काय हाय. मी म्हणालो, ते तुमचं तुम्ही आणायचं ठरलं होतं. ठरलं काहीच नव्हतं, मी मनात ठरवलं होतं. पहिल्यांदा कांदा गेला. मग लिंबं गेली, मीठ गेलं. मग एकानं भाकरीच्या गाठोड्यात हात घालून पापुद्रे काढून खायला सुरुवात केली. शेवटी भट्टीवाला पातेल्याजवळ आला, झाकण उचललं आणि दोन बोटांनी फोड काढली. त्याच्या मागनं दुसरा. मी पळी घेऊन राखणीला बसलो. नवा मिस्त्री, धुतलेला सदरा, आणि काम काय, तर आपल्याच पाहुण्यांपासून आपलं मटण राखायचं. हाड-हूड करायचं तेवढं राहिलं होतं.

या सगळ्यात मामा कुठं होता? विहिरीच्या कडेला धोंडीवर बसला होता, सावलीत. बोलावलं की मान हलवायचा. एकदा कुणीतरी द्रोण पुढं केला, तो त्यानं हातानं मागं सारला. मी ते पातेल्याजवळनं बघितलं आणि वाटलं, रस्त्यातच लावून आला असणार, किंवा माझ्या जेवणात दुसऱ्याची प्यायची नाही असा मानी असणार. मला तो रुसून बसल्यासारखा दिसत होता. मिस्त्रीपण मला मिळालं म्हणून रुसलाय, आणि आता ताणून धरतोय. धर म्हटलं.

अडीचला मी त्याच्याजवळ गेलो. "मामा, बसायचं का?"

त्यानं पिणाऱ्यांकडं बघितलं. "ती बसंनात की आजून. पोरांचं हुं दे. मला काय घाई."

हे मी टोमणा म्हणून घेतलं. सरळ बोलणाऱ्याचं सरळ बोलणंही माणूस राग असला की वाकडं ऐकतो. मी म्हणालो, "बरं, हुं दे तर," आणि पातेल्याजवळ परत आलो.

साडेतीन झाले असतील. मामा उठला, धोतराची माती झाडली, सायकल काढली. मी धावत गेलो.

"मामा, कुठं?"

"जातो. ऊन उतरलं."

"आवो पण भाकरी मोडली न्हाय तुम्ही."

त्यानं सायकलवर पाय टाकला आणि माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "वाढली हुती व्हय?"

आणि गेला. मी बांधावर उभा. मागं ते सगळे कुणाच्या तरी गोष्टीवर हसत होते.

चारला ते जेवायला बसले. भाकरी कुणी पहिली मोडली हे मी बघितलंही नाही, सगळ्यांनी एकदम मोडली. रश्श्याला द्रोण नाहीत. पत्रावळीवर वाढला की वाहून मातीत. एकजण बादलीच्या झाकणात प्याला, एकानं पळीच तोंडाला लावली, दोघातिघांनी एका ताटलीत. एवढ्या कटाचा रस्सा, निम्मा जमीन प्याली. आणि वर सगळे म्हणतायत, "मिस्त्री, एक नंबर. नाद न्हाय." मला त्या एक नंबरची चीड आली.

भट्टीवाला फोड चोखत म्हणाला, "मामा दिसंना?"

"गेला," मी म्हणालो. "न जेवता. ताणून धरतोय. सकाळपासनं तोंड फुगवून बसला हुता."

"तोंड कशाला फुगवंल? भूक लागली आसंल त्येला."

"भूक लागली तर बोलायचं."

"तुझ्या जेवणात तो कसा बोलंल?" तो हात चाटत थांबला. "आन त्येनं तर सोडलीया. वरीस होत आलं. पोट दुखतंय म्हणून डाक्टरनं बंद केली. येळंवर खायला सांगितलंय, न्हाईतर कळ येती. तुला ठावं न्हवतं?"

मला ठावं नव्हतं. साच्याच्या तीन पेट्यांच्या अंतरावर रोज काम करत होतो, आणि ठावं नव्हतं. मग आठवलं, वर्षभरात त्यानं एकदाही दांडी मारली नव्हती. मी मोजलीच नव्हती. मालकानंही मोजली नव्हती. मला पद मिळालं ते मी पीत नाही म्हणून, आणि तोही पीत नव्हता. हे त्या भट्टीवाल्याला ठावं, पिणाऱ्या साऱ्यांना ठावं, कारण ते त्याला रोज बसायला बोलवायचे आणि तो नको म्हणायचा. न पिणाऱ्याला तेवढं ठावं नव्हतं.

मी चिडलो. आधी भट्टीवाल्यावर. "मग मला सांगायचं न्हाय व्हय?" तो म्हणाला, "तू कवा इचारलंस?" मग मामावर चिडलो, की बाबा, मागून घ्यायचं, तोंड आहे ना. मग राग उतरत उतरत जिथं यायचा तिथं आला.

आता मी म्हातारा झालोय आणि या गोष्टीवर मी पुष्कळ डोकं खपवलंय, तर सांगतो. आपण पीत नाही आणि पिणाऱ्यांना आपल्या बाटल्या घेऊन बोलावलं, तर दारू देऊ नका, त्यात कमीपणा नाही. माझं ते मत आजही तसंच आहे. पण पेले द्या. पाणी गार करून ठेवा, माठात का होईना. शेंगदाणे, फुटाणे, चिरलेला कांदा मुबलक ठेवा, नाहीतर ते तुमचं पातेलं उघडतात. जेवणाची घाई करू नका. हे सगळं पिणाऱ्याचं झालं, आणि पिणाऱ्याचं कसंही निभतं, तो द्रोणात पितो, झाकणात पितो, त्याला लाज नसते. खरी काळजी न पिणाऱ्याची. त्याच्या हातात काहीतरी द्या. ताक द्या, कोकमाचं पाणी द्या, चहा द्या. हात रिकामा राहिला की माणूस परका दिसतो, आणि तीन तास परका दिसत बसणं सोपं नाही. आणि त्याचं ताट आधी वाढा. पंगत राहू दे बाजूला. एवढी साधी गोष्ट. ती मलाच कळायला पाहिजे होती, कारण जन्मभर लोकांच्यात रिकाम्या हातानं बसलो तो मी. मी तर पळून उशिरा जायचो. मामा वेळेवर आला आणि बसून राहिला.

संध्याकाळी भांडी घेऊन घरी आलो. बायकोनं गाठोडं सोडलं, भाकऱ्या मोजल्यासारखं बघितलं.

"मामानी मोडली?"

"न्हाय."

"का?"

"मी वाढली न्हाय."

उरलेला रस्सा तिनं शेजारी दिला. मी त्यातला घेतला नाही.

मिस्त्रीपण सोडावं असं मनात आलं का, असं कुणी विचारील. आलं आणि गेलं. सोडणारा मी नाही, आणि मी सोडलं असतं तरी मालकानं ते मामाला दिलं नसतं, बाहेरचा कुणी आणला असता. मालकाला जाऊन सांगावं, हा माणूस वर्षभर पीत नाही, तेही मनात आलं. ते मी पुढं सांगितलं, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी माझ्यात तेवढं बळ नव्हतं. घरी जाऊन माफी मागावी तर ते माझ्या जिभेला जमणारं नाही. चुकलो हा शब्द मी बायकोलाही कधी म्हटला नाही, मामाला कुठला म्हणणार. आणि म्हटला असता तर त्यालाच अवघडल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीच्या तासभर आधी फौंड्रीवर गेलो. राखणदारानं दार उघडलं. सदरा काढून खुंटीला लावला. मामाच्या फ्लायव्हीलच्या पेटीजवळ आदल्या ओतकामाची वाळू गोळे होऊन पडली होती. ती फोडणं, चाळणं, पाणी मारून कालवणं हे हाताखालच्या गड्याचं काम, मिस्त्रीचं नव्हे. मी फावडं घेतलं. गोळे फोडले, चाळण लावली आणि सगळा ढीग चाळून काढला. खिळे, लोखंडाच्या गाठी वेगळ्या केल्या. मग पाणी मारत दोनदा उलथापालथ केली. घाम डोळ्यांत जात होता. वयाप्रमाणे पाठ बोलायला लागली होती.

मामा वेळेवर आला. सायकल लावली, डबा ठेवला. मला फावड्यासकट बघून थांबला. मग तो ढिगाजवळ बसला, मूठभर वाळू घेतली, घट्ट आवळली, आणि मूठ उघडून ती वडी दोन बोटांनी मधोमध मोडली. कडेचा जरासा भुगा झाला.

"पाणी कमी पडलंय," तो म्हणाला.

मी बादली उचलली आणि नळावर गेलो.